परभाषेच्या उंबरठ्यावरील मिशनरी : मराठी भाषाध्ययनाची परंपरा आणि नंदुरबारचा भाषिक संदर्भ

गोषवारा :
मराठीच्या वाङ्मयेतिहासात परदेशी मिशनरींचा विचार प्रामुख्याने व्याकरणकार, कोशकार व भाषांतरकार या नात्याने झालेला आहे. या ग्रंथांच्या आधीची अवस्था, म्हणजे अनोळखी भाषेपुढे बसलेला शिकाऊ मिशनरी आणि त्याला शिकविणारा एतद्देशीय शिक्षक, या दोघांकडे समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात या अवस्थेचा विचार मराठीतील उपलब्ध परंपरेच्या आधारे केला आहे. फिनिश शिकणाऱ्या मॉर्मन प्रशिक्षणार्थींचे उदाहरण तुलनेसाठी घेतले असून, त्यातून हाती येणारी दृष्टी नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी विद्यार्थ्याच्या मराठी शिक्षणाला लावून पाहिली आहे.

बीजशब्द : मिशनरी, भाषाध्ययन, प्रमाण मराठी, भिली बोली, खानदेश, पंडित.

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा इतिहास सांगताना ख्रिस्ती मिशनरींच्या कार्याचा उल्लेख टाळता येत नाही. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये व कोश 1810 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईत दाखल झाले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक 1842 मध्ये अहमदनगर येथून सुरू झाले. अशी नोंद बहुतेक इतिहासग्रंथांत आढळते व तिच्या अखेरीस मिशनरींनी मराठीची सेवा केली की धर्मप्रसाराचे साधन म्हणून तिचा वापर केला, असा प्रश्न विचारला जातो. दोन्ही बाजूंनी या प्रश्नाची पुष्कळ चर्चा झाली आहे. परंतु सेवा असो वा वापर, त्याआधी शिकणे घडावे लागते. ज्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता असा पंचविशीतील तरुण बोटीतून उतरल्यापासून पहिले प्रवचन करीपर्यंत कोणत्या प्रक्रियेतून गेला, त्याला कोणी शिकविले आणि कोणती मराठी शिकविली, हे प्रश्न त्या चर्चेत मागे पडले.

नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नांना विशेष महत्त्व आहे. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. 2011 च्या जनगणनेनुसार येथील 69 टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांत मावची, देहवाली, वसावी, कोटली, पावरी इत्यादी भाषा घरोघरी बोलल्या जातात, तर सपाटीवरील गावांत अहिराणी व गुजर बोली ऐकू येतात. म्हणजे प्रमाण मराठी ही येथील बहुसंख्य विद्यार्थ्यांची मातृभाषा नाही, ती त्यांना शिकावी लागते. परभाषा म्हणून मराठी शिकणाऱ्यांचा सर्वांत जुना व नोंदलेला अनुभव मिशनरींचा आहे. त्यामुळे त्यांच्या हेतूंविषयी मतभेद असले तरी त्यांचा अनुभव अभ्यासण्याजोगा ठरतो.

प्रशिक्षणार्थी मिशनरीची भाषिक अवस्था :
मिशनरीच्या भाषाशिक्षणाचे आजचे ठळक उदाहरण अमेरिकेतील यूटा राज्यात प्रोवो या शहरी पाहावयास मिळते. 1830 मध्ये स्थापन झालेल्या मॉर्मन संप्रदायाचे तेथे मिशनरी प्रशिक्षण केंद्र आहे. अठरा-वीस वर्षांचे तरुण-तरुणी धर्मसेवेसाठी निवडले जातात. कोणत्या देशात जायचे हे ते स्वतः ठरवीत नाहीत, नेमणुकीचे पत्र येते. ज्याची नेमणूक फिनलंडमध्ये होते त्याला सुमारे नऊ आठवड्यांत फिनिश भाषेचा पाया घालावा लागतो. फिनिशमध्ये परंपरेने पंधरा विभक्ती मानल्या जातात. शिवाय प्रत्यय लागताना मूळ शब्दाचे रूपही बदलते. 'कातू' म्हणजे रस्ता, पण 'रस्त्यावर' म्हणावयाचे असल्यास 'कादुल्ला' असे म्हणावे लागते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या तरुणाला ही गोष्ट विलक्षण वाटते. मराठी वाचकाला मात्र तिच्यात ओळखीचे काहीतरी दिसेल, कारण 'रस्ता'चे 'रस्त्यावर' होताना मराठीतही सामान्यरूप घडते. मराठी भाषक ते कोणत्याही नियमाशिवाय करतो. परक्याला मात्र ते मुद्दाम शिकावे लागते.

या प्रशिक्षणाची दोन वैशिष्ट्ये येथे लक्षात घेण्यासारखी आहेत. पहिले वैशिष्ट्य शब्दसंग्रहाच्या क्रमाचे आहे. मूल भाषा शिकते तेव्हा भूक, तहान, आई, पाणी यांपासून आरंभ करते. प्रशिक्षणार्थी मिशनरीला प्रार्थना, श्रद्धा, पश्चात्ताप, साक्ष यांचे शब्द अगदी सुरुवातीलाच हाती घ्यावे लागतात. त्यामुळे बाजारातील घासाघीस ज्या भाषेत अजून जमत नाही तिच्यात परमेश्वराविषयी बोलण्याची पाळी त्याच्यावर येते. दुसरे वैशिष्ट्य भाषेच्या स्तरांचे आहे. फिनिशमध्ये लेखी व बोली रूपांत बरेच अंतर आहे. 'मी आहे' हे लेखी भाषेत 'मिनॅ ओलेन' असते, तर हेलसिंकीच्या रस्त्यावर ते 'मॅ ओऽन' असे ऐकू येते. पुस्तकातून शिकलेला तरुण उतरतो तेव्हा लोक त्याला समजू शकतात, परंतु त्याला लोक समजत नाहीत. शिकलेली भाषा व ऐकू येणारी भाषा यांतील ही फट हा प्रत्येक परभाषाध्यायी मिशनरीच्या अनुभवाचा गाभा होय. मराठीच्या बाबतीत तिचे स्वरूप अधिक गुंतागुंतीचे झाले.

मराठी शिकणारे पूर्वसूरी :
या परंपरेच्या आरंभी फादर थॉमस स्टीफन्स उभे आहेत. 1579 मध्ये ते गोव्यात आले आणि 1616 मध्ये त्यांचे 'क्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले. या दोन सनांमध्ये सदतीस वर्षांचे अंतर आहे. वाङ्मयेतिहासात 'क्रिस्तपुराणा'च्या ओवीचे व त्यातील मराठीच्या गौरवाचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. तथापि त्या ओवीमागे साष्टीच्या खेड्यांतील दीर्घकालीन श्रवण आहे. स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द स्वीकारला, ही निवड केवळ शब्दकोशातून होत नाही. श्रोत्याच्या मनात त्या शब्दाभोवती काय काय गोळा झाले आहे हे जाणल्यावरच ती करता येते. त्याच स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरण रचले, ते त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये छापले गेले. काव्यासाठी मराठी व प्रत्यक्ष संवादासाठी कोकणी, असा भाषांच्या स्तरांचा विवेक त्यांच्या ठायी दिसतो.

कॅरी यांची स्थिती याच्या नेमकी उलट होती. ते बंगालमधील श्रीरामपूर येथे राहून मराठी शिकले. मराठी प्रदेश त्यांच्याभोवती नव्हता, जवळ होते ते वैजनाथ पंडित. मराठीचा संपूर्ण समाज एका व्यक्तीच्या द्वारे कॅरींच्या खोलीत येत होता. श्रीरामपूरच्या मराठीवर पुढील अभ्यासकांनी कृत्रिमतेचा आक्षेप घेतला, त्याचे मूळ या परिस्थितीत शोधावे लागते. शिकणाऱ्याची बुद्धी कितीही तीव्र असली तरी एकाच शिक्षकाकडून मिळणारी भाषा ही त्या शिक्षकाच्या प्रांताची, जातीची व विद्येची भाषा असते.

मुंबई इलाख्यातील स्कॉटिश मिशनरींनी वेगळा मार्ग पत्करला. जॉन विल्सन व त्यांची पत्नी मार्गारेट हे 1829 मध्ये आल्यावर मराठी शिकण्यासाठी कोकणात हर्णै येथे जाऊन राहिले. जॉन स्टीव्हन्सन हेही आरंभी कोकणातच होते व पुढे त्यांनी मराठीचे व्याकरण लिहिले. अमेरिकन मिशनचे एबेनेझर बर्जेस यांनीही मराठीच्या व्याकरणावर ग्रंथरचना केली. त्यांनी 'सूर्यसिद्धान्ता'चे केलेले इंग्रजी भाषांतर 1860 मध्ये प्रसिद्ध झाले. धर्मप्रसारासाठी सुरू झालेले भाषाध्ययन त्या हेतूच्या मर्यादेत राहतेच असे नाही, याचे हे उत्तम उदाहरण आहे. भाषा शिकणारा ज्या ज्ञानव्यवस्थेत प्रवेश करतो ती त्याचे कुतूहल आपल्याकडे खेचून घेते.

मोल्सवर्थ हे मिशनरी नव्हते, ते लष्करी अधिकारी होते. तथापि 1831 चा त्यांचा कोश आणि कँडी बंधूंच्या सहकार्याची जोड असलेली 1857 ची सुधारित आवृत्ती यांखेरीज पुढील कोणत्याही मिशनरीचे मराठीचे शिक्षण झाले नसावे. त्या कोशासाठी शब्द गोळा करण्याचे व त्यांचे अर्थ पारखण्याचे काम ब्राह्मण पंडितांच्या मंडळीने केले. कोणता शब्द शिष्टसंमत, कोणता ग्राम्य, कोणता प्रांतिक हे शेरे अपरिहार्यपणे त्या मंडळीच्या कानाने ठरले. परदेशी शिकाऊ माणूस कोशातून शब्द शिकला तेव्हा त्या शब्दाची सामाजिक पायरीही शिकला.

शिक्षकाचे स्थान :
यावरून भाषाध्ययनाच्या इतिहासातील खरा दुर्लक्षित घटक कोणता हे स्पष्ट होते. तो म्हणजे शिकविणारा पंडित. त्याचे नाव क्वचितच मुखपृष्ठावर येते. प्रस्तावनेतील आभाराच्या परिच्छेदात तो भेटतो, तोही पुष्कळदा नामनिर्देशाशिवाय. प्रोवोच्या केंद्रात फिनिश शिकविणारे बहुतांशी स्वतः फिनलंडमध्ये धर्मसेवा करून परतलेले तरुण असतात, म्हणजे त्यांनीही ती भाषा परकी म्हणूनच आत्मसात केलेली असते. शिकणाऱ्याच्या अडचणी ते स्वानुभवाने जाणतात, पण भाषेच्या आतील माणूस तेथे नसतो. मराठी मिशनरीचा शिक्षक भाषेच्या आतला होता. विद्यार्थी आर्थिक व राजकीय दृष्ट्या वरचढ आणि शिक्षक पगारी, असे हे नाते होते. धडा सुरू असताना मात्र ते उलटे होई. साहेबाचा उच्चार सुधारण्याचा अधिकार पंडिताकडेच होता.

या नात्याचे एक विलक्षण रूप रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या जीवनात दिसते. 1895 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. संस्कृत व मराठीवर प्रभुत्व असलेल्या या कवीने मिशनरींना मराठी शिकविण्याचे कामही केले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1937 या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. त्यांचे वाचन मराठी समीक्षेने दाम्पत्यजीवनाची कथा म्हणून, स्त्रीच्या आत्मभानाची कथा म्हणून आणि धर्मांतराची कथा म्हणून केले आहे. भाषाध्ययनाच्या दृष्टीने ते वाचले तर आणखी एक गोष्ट दिसते. या पुस्तकात परदेशी मिशनरी सदैव उंच आसनावर बसलेले नाहीत. लक्ष्मीबाईंची नजर त्यांना माणूस म्हणून पाहते, त्यांच्या चालीरीतींतील नवलाची व विसंगतीची ती निर्मळपणे नोंद घेते. मराठीच्या प्रांगणात मिशनरी हा पाहुणा आहे व घरची भाषा बोलणारी बाई यजमान आहे, असा अधिकाराचा एक वेगळा क्रम या गद्यात सहज प्रस्थापित होतो. शिवाय लक्ष्मीबाईंचे स्वतःचे गद्य पंडिती वळणाचे नाही. घरात, ओसरीवर, प्रवासात बोलली जाणारी मराठी तेथे साहित्याच्या पातळीवर येते. पंडिताकडून व्याकरण शिकणाऱ्या मिशनरीला जी मराठी पुस्तकात सापडत नव्हती तीच ही मराठी होय.

शिक्षकाला न्याय मिळाल्याचे उदाहरणही या परंपरेत आहे. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनी 1926 पासून महाराष्ट्रातील संतकवींवरील इंग्रजी ग्रंथमाला प्रसिद्ध केली. महिपतीच्या 'भक्तविजया'च्या त्यांच्या इंग्रजी भाषांतरावर पंडित नरहर गोडबोले यांचे नाव सहअनुवादक म्हणून आहे. आभाराच्या परिच्छेदातून मुखपृष्ठापर्यंतचा हा प्रवास पूर्ण होण्यास कॅरींच्या व्याकरणापासून शंभराहून अधिक वर्षे लागली.

व्याकरणातील धर्मसंकट :
शिकाऊ मिशनरीला मराठीने जे पेच घातले ते केवळ रूपांचे नव्हते. इंग्रजी किंवा स्वीडिश भाषेत 'आम्ही' व 'आपण' यांसाठी एकच सर्वनाम आहे. मराठीत 'आम्ही' म्हटले की श्रोता बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की आत येतो. 'आम्ही पापी आहोत' असे प्रवचनात म्हणणारा तरुण आपल्याच मंडळीविषयी बोलतो, असा गावकऱ्यांचा समज होणार. 'तुम्ही पापी आहात' म्हटल्यास तो आरोप होतो. 'आपण पापी आहोत' हे एकच वाक्य त्याला हव्या त्या अर्थाने उच्चारता येते, आणि ते उच्चारण्यासाठी समोरच्या भिल्ल शेतकऱ्याला व स्वतःला एकाच सर्वनामात घेण्याची मनाची तयारी लागते. व्याकरणाचा नियम येथे नैतिक कसोटी बनतो.

संबोधनाचेही तसेच आहे. मराठी भाषक देवाला 'तू' म्हणतो व पाटलाला 'तुम्ही'. परक्याला हा क्रम उलटा वाटतो. कोणाला 'अरे' म्हणावे, कोणाला 'अहो' म्हणावे, हे व्याकरणाच्या पुस्तकात थोडक्यात सांगितले जाते. परंतु पंडिताकडून 'अरे-तुरे' कोणासाठी शिकले जाते, हा समाजरचनेचा प्रश्न आहे. शिकाऊ मिशनरी ज्या वर्गाकडून मराठी शिकला, त्या वर्गाच्या सवयीने तो भिल्लाशी बोलू लागण्याचा धोका त्या शिक्षणातच होता.

या संदर्भात नंदुरबार परिसरातील एका घटनेचे स्मरण उद्बोधक ठरते. 1930 च्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराजांनी आदिवासींमध्ये व्यसनमुक्तीची व आत्मसुधारणेची मोठी चळवळ उभी केली. परस्परांना 'आप' म्हणून संबोधावे, अशी त्यांची शिकवण होती आणि 'आप की जय' हे त्या चळवळीचे अभिवादन झाले. ज्या समाजाला इतरांकडून पिढ्यान्‌पिढ्या एकेरी हाक ऐकावी लागली, त्या समाजातील एका सुधारकाने धर्मसुधारणेचा आरंभ सर्वनामापासून केला. आदरार्थी रूपाचे मोल परभाषाध्यायी माणसाला पुस्तकातून कळते, गुलाम महाराजांना ते जगण्यातून कळले होते.

खानदेशातील दुहेरी परभाषा :
खानदेशात, विशेषतः धुळे, नंदुरबार व नवापूर या भागांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कँडिनेव्हियन पार्श्वभूमीच्या मिशन संस्थांनी कार्य केले. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रॅन्सन यांनी 1890 मध्ये अमेरिकेत स्थापन केलेली स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आणि स्वीडिश अलायन्स मिशन ही त्यांतील प्रमुख नावे होत. नंदुरबारचे एस. ए. मिशन हायस्कूल आणि नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथे 1942 मध्ये सुरू झालेले ख्रिस्ती रुग्णालय यांमुळे हे कार्य जिल्ह्याच्या स्मृतीत टिकून आहे.

भाषिक दृष्टीने या मिशनरींची वाट लांबची होती. मराठीची व्याकरणे व कोश इंग्रजीत होते. त्यामुळे स्वीडिश मातृभाषा असलेल्याला इंग्रजीच्या पुलावरून मराठीत यावे लागे. प्रमाण मराठीची परीक्षा देऊन तो नंदुरबारला आला की बाजारात त्याच्या कानी 'आहे' ऐवजी अहिराणीतील 'शे' पडे आणि 'माझे घर' ऐवजी 'मनं घर'. तेथून पुढे नवापूरच्या किंवा अक्राणीच्या पाड्यांवर गेल्यास अहिराणीही मागे राही. ज्या श्रोत्यासाठी त्याने मराठी शिकली त्या श्रोत्याची ती भाषाच नव्हती. मिशनरी व मावची भाषक दोघेही मराठीत परके, असा संवाद येथे घडत होता.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा भिली व खानदेशी भाषांविषयीचा खंड 1907 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मावची, कोटली, पावरी, देहवाली इत्यादींचे नमुने आहेत. या सर्वेक्षणात भाषांचे नमुने गोळा करण्यासाठी बायबलमधील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त प्रमाणपाठ म्हणून वापरला गेला. म्हणजे सातपुड्यातील कित्येक भाषांचे पहिले छापील रूप हे त्या भाषकांच्या स्वतःच्या गोष्टीचे नाही. याहामोगीची, धान्यदेवतेची, डोंगरदेवांची कथा सांगणाऱ्या भाषा सरकारी दप्तरात उतरल्या त्या दुसऱ्याच्या दृष्टान्ताद्वारे. पुढे मावची व वसावी या भाषांत बायबलचे भाषांतर झाले. फिनिशचा इतिहासही येथे आठवावा. सोळाव्या शतकात मिकाएल अग्रिकोला यांची 1543 च्या सुमाराची अंकलिपी व 1548 मधील नवा करार यांनी फिनिश लेखनाचा पाया घातला. धर्मग्रंथापासून सुरू झालेली ती लेखनपरंपरा पुढे शाळा, विद्यापीठ व शासन यांची भाषा झाली. सातपुड्यातील भाषांना छापील आरंभ मिळाला, पण शाळा मिळाली नाही.

मिशनरी व विद्यार्थी : एक तुलना :
येथवरच्या विवेचनातून जी तुलना पुढे येते ती महाविद्यालयीन अध्यापकांच्या थेट विचाराधीन येण्यासारखी आहे. मराठी शिकणाऱ्या मिशनरीला काय उपलब्ध होते ? भाषाध्ययनासाठी राखून ठेवलेला काळ, स्वतंत्र शिक्षक, परक्यासाठी रचलेले व्याकरण, द्वैभाषिक कोश आणि टप्प्याटप्प्याच्या परीक्षा. त्याच्या लिंगविचाराच्या चुका ह्या शिकणाऱ्याच्या चुका मानल्या जात. 'ती झाड' म्हणणाऱ्या साहेबाला कोणी मंदबुद्धी ठरविले नाही.

अक्राणीच्या पाड्यावरून सहा-सात वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा त्याला यांपैकी काहीही मिळत नाही. त्याला मराठी येते असे गृहीत धरून मराठी माध्यमाचे पाठ्यपुस्तक हाती दिले जाते. भाषा शिकणे व भाषेतून विषय शिकणे ही दोन कामे त्याला एकाच तासात करावी लागतात. प्रोवोतील तरुण निदान प्रौढ असतो, एक भाषा वाचू-लिहू शकतो आणि आपण परभाषा शिकत आहोत हे त्याला ठाऊक असते. या मुलाला तेवढेही सांगितले जात नाही. पुढे तेच मूल महाविद्यालयात येते व त्याच्या उत्तरपत्रिकेतील 'चा-ची-चे'च्या चुकांखाली लाल रेघा पडतात. मिशनरीची जी चूक अध्ययनाची पायरी मानली गेली ती आदिवासी विद्यार्थ्याच्या बाबतीत 'अशुद्ध भाषा' ठरते. 2011 च्या जनगणनेत राज्यातील सर्वांत कमी साक्षरता, सुमारे 64 टक्के, नंदुरबारची होती. दारिद्र्य, स्थलांतर व दुर्गमता ही त्याची कारणे आहेतच, परंतु शाळेच्या पहिल्या दिवशी कानी पडणाऱ्या परक्या भाषेचाही त्यांत वाटा आहे.

धोरणाच्या पातळीवर या प्रश्नाची जाण नाही असे म्हणता येत नाही. संविधानाच्या 350 'अ' या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याची अपेक्षा आहे. 2009 चा शिक्षणहक्क कायदा व 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण यांनी शक्य तेथे मातृभाषेचे माध्यम असावे असे म्हटले आहे. नर्मदेच्या खोऱ्यातील जीवनशाळांनी 1990 च्या दशकापासून घरच्या भाषेतून शिक्षणाचा आरंभ करून पाहिला आहे. साहित्याच्या क्षेत्रात वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' (1987) या संग्रहाने या परिसरातील आदिवासी संवेदना मराठी कवितेच्या केंद्रापुढे ठेवली. 2013 मध्ये अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडाने राज्याचे बहुभाषिक रूप मराठी वाचकापुढे मांडले. भिली भाषासमूहाच्या भाषकांची देशभरातील नोंद 2011 मध्ये एक कोटीहून अधिक आहे. एवढ्या भाषकांच्या भाषेला 'बोली' म्हणून पायरी खाली बसविणे हे भाषाशास्त्रीय विधान नसून सामाजिक निवाडा आहे, याचे भान अध्यापनात क्वचितच दिसते.

या तुलनेलाही मर्यादा आहे. मिशनरी स्वेच्छेने आला होता आणि त्याच्या पाठीशी संस्था, पैसा व साम्राज्याची सावली होती. आदिवासी विद्यार्थ्याला मराठी ही नोकरी, न्यायालय, दवाखाना व शासन यांच्या दाराची किल्ली म्हणून अपरिहार्य आहे. मिशनरीला भाषा आली नाही तर तो परत जाऊ शकत होता, विद्यार्थ्याला परत जाण्यासारखी जागा नाही. त्याचप्रमाणे मिशनरीने लोकांची भाषा शिकली ती त्यांचा विश्वास पालटण्यासाठी, हेही विसरून चालणार नाही. भाषेविषयीची आस्था व भाषकाच्या श्रद्धेविषयीचा अस्वीकार या दोन गोष्टी त्याच्या ठायी एकत्र नांदत होत्या. समीक्षेने यांपैकी एकीकडे डोळेझाक करू नये.

तरीही एक गोष्ट शिल्लक राहते. ज्यांच्याशी बोलावयाचे त्यांची भाषा शिकण्याची जबाबदारी बोलणाऱ्याची आहे, हे तत्त्व मिशनरीने मान्य केले होते. सातपुड्यात नेमणूक झालेल्या शिक्षकाकडून, तलाठ्याकडून, डॉक्टरकडून किंवा प्राध्यापकाकडून अशी अपेक्षा सहसा केली जात नाही. चार दशके नंदुरबारमध्ये नोकरी करून मावचीचे एकही वाक्य न येणे हे आपल्या व्यवस्थेत न्यून समजले जात नाही. हर्णैला जाऊन राहिलेल्या विल्सन दाम्पत्याच्या तुलनेत ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

निष्कर्ष :
1. मराठी वाङ्मयेतिहासाने मिशनरींच्या ग्रंथांबरोबर त्यांच्या भाषाध्ययनाच्या प्रक्रियेची व शिकविणाऱ्या पंडितांची स्वतंत्र नोंद घेणे आवश्यक आहे. वैजनाथ पंडितांपासून नरहर गोडबोले यांच्यापर्यंतची ही शिक्षकपरंपरा मराठी अध्यापनाच्या इतिहासाचा भाग होय.

2. मिशनरींनी शिकलेली मराठी ही विशिष्ट शिष्टवर्गाची मराठी होती. कोश व व्याकरणे यांतून तीच प्रमाण म्हणून स्थिरावण्यास या अध्ययनाचा हातभार लागला.

3. खानदेशात मिशनरी व आदिवासी या दोघांसाठीही मराठी परभाषा होती. त्यांपैकी एकाला परभाषाध्यायी म्हणून सर्व साधने मिळाली, दुसऱ्याला ती आजही पुरेशी मिळालेली नाहीत.

4. नंदुरबार जिल्ह्यातील महाविद्यालयांनी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीचे अध्यापन द्वितीय भाषेच्या पद्धतीने करून पाहावे. मावची, देहवाली, पावरी व अहिराणी यांच्याशी मराठीची तुलना करणारी छोटी व्याकरणे तयार करणे मराठी विभागांना अशक्य नाही. त्यासाठी लागणारे जाणकार भाषक समोरच्या बाकांवर बसलेले आहेत.

5. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दर्जाबरोबर येणाऱ्या संशोधनात मराठीच्या प्राचीनत्वाइतकेच लक्ष मराठी शिकणाऱ्या परक्यांकडे दिले जावे. परदेशातून आलेला परका त्यांत येतो, तसाच तोरणमाळच्या डोंगरातून उतरून वर्गात आलेलाही येतो. त्या दुसऱ्या विद्यार्थ्याला पंडिताची जागा देऊन त्याच्या भाषेचा पहिला धडा अध्यापकाने घेतला, तर वर्गातील 'आम्ही'चे 'आपण' होण्यास प्रारंभ होईल.